राष्ट्रपतींची सही आणि आपलं लाइटबिल

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

घरची कामं आवरून, कुणी शेतातून येऊन, कुणी भाकरी थापता थापता रेडिओ लावला असेल. हातातलं काम थांबवू नका. काम करत करत ऐका.

मागच्या महिन्यात इथं विश्रामबागला बचत गटांची बैठक झाली. मी नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, म्हणून मला अधूनमधून बोलावतात. त्या दिवशी राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान कोण काय करतात ते मी सांगत होते. तेवढ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या गटातल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, ते दिल्लीतले राष्ट्रपती काय सह्या करतात ते करू देत. मला एवढंच सांगा, गिरणी आठ दिवस बंद ठेवली तरी लाइटबिल का येतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की मावशींनी दोन प्रश्न एकाला एक जोडून विचारले होते, आणि ते खरोखरच जोडलेले आहेत. राष्ट्रपतींचा एक निर्णय, त्यातून सत्तेवर आलेलं एक सरकार, त्या सरकारनं घेतलेला एक आर्थिक निर्णय आणि त्याचा महाराष्ट्राच्या विजेवर पडलेला भार, अशी एक खरी गोष्ट आपल्याच राज्यात घडून गेली आहे. ती आज सांगते.

आधी राष्ट्रपतींचं काम समजून घेऊ.

आपले राष्ट्रपती म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे, असं शाळेत सांगतात. मान मोठा, पण कारभार दुसऱ्यांच्या हातात. हे बरंचसं खरं आहे. राज्यघटनेनुसार राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं असतं. एखादा सल्ला पटला नाही तर तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. मंत्रिमंडळानं तोच सल्ला पुन्हा दिला, तर तो मानावा लागतो. २००७ साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, २०२२ साली द्रौपदी मुर्मू झाल्या. त्यांनाही हेच नियम.

तरीसुद्धा राष्ट्रपतींच्या हातात मोठी कामं आहेत. निवडणुकीनंतर पंतप्रधान कोण, ते नेमणं. संसदेनं केलेल्या कायद्यावर सही करणं. संसद भरलेली नसताना वटहुकूम काढणं. एखाद्या राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालत नसेल, तर तिथं राष्ट्रपती राजवट लावणं. यातली शेवटची तिन्ही कामं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं होतात. पण पहिलं काम जरा वेगळं आहे. एखाद्या पक्षाला स्पष्ट बहुमत असेल, तर राष्ट्रपतींना फार विचार करावा लागत नाही. पण कुणालाच बहुमत नसेल तर? तेव्हा सल्ला देणारं नवं मंत्रिमंडळच नसतं. तेव्हा राष्ट्रपतींना स्वतः ठरवावं लागतं, की पहिलं बोलावणं कुणाला धाडायचं. आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आता दोन शब्द सांगते, ते पेपरात आणि टीव्हीवर सारखे येतात. पहिला शब्द उजवं राजकारण. यालाच परंपरावादी राजकारणही म्हणतात. धर्म, परंपरा, कुटुंब, राष्ट्राभिमान यांना पुढं ठेवणारं राजकारण. दुसरा शब्द नवउदार आर्थिक धोरण. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. सरकारनं धंदे चालवू नयेत, ते खासगी कंपन्यांकडे द्यावेत, परदेशी भांडवलाला वाट करून द्यावी, सरकारी खर्च आणि बंधनं कमी करावीत, आणि भाव बाजारानं ठरवावेत, असा तो विचार आहे. आपण ज्याला खासगीकरण म्हणतो, तो याचाच एक भाग.

हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. अमेरिकेत रोनाल्ड रेगन १९८१ साली राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या काळात हे दोन्ही विचार एकत्र आले. एकीकडे परंपरेची भाषा, दुसरीकडे श्रीमंतांवरच्या करात मोठी कपात. संपावर गेलेल्या विमानतळावरच्या अकरा हजारांहून जास्त कामगारांना त्यांनी कामावरून काढून टाकलं. तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. आपल्याकडे सरकार पंतप्रधान चालवतात. त्यामुळं आपले राष्ट्रपती धोरण आखत नाहीत. पण धोरण आखायला कोण बसणार, त्याचं दार मात्र कधी कधी तेच उघडतात. आणि आपल्याकडे हे दोन विचार पहिल्यापासून गळ्यात गळे घालून आलेले नाहीत, हे पुढं दिसेल.

१९९१ सालचं बघा. लोकसभा निवडणूक झाली, काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमत नव्हतं. राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी पी. व्ही. नरसिंह राव यांना बोलावलं. २१ जूनला राव पंतप्रधान झाले. देशाच्या तिजोरीत परदेशी चलन उरलं नव्हतं, सोनं गहाण ठेवायची वेळ आली होती. महिनाभरात, जुलैमध्ये, रुपयाची किंमत कमी केली गेली आणि २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी नवं धोरण मांडणारा अर्थसंकल्प सादर केला. म्हणजे आपल्या देशाच्या पैशाच्या व्यवहारातला सर्वांत मोठा बदल बहुमत नसलेल्या सरकारनं केला. आणि तो उजव्या पक्षानं नाही, काँग्रेसनं केला.

त्याच धोरणात वीज तयार करायचं काम खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुलं झालं. आणि मग एन्रॉन नावाची अमेरिकन कंपनी महाराष्ट्रात आली.

आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायकांना हे नाव आठवत असेल. जून १९९२ मध्ये कंपनीनं आपल्या वीज मंडळाबरोबर पहिला समझोता केला. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीकाठी मोठं वीज केंद्र उभारायचं ठरलं. दाभोळ पॉवर कंपनी असं त्याचं नाव. एन्रॉनबरोबर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या आणखी दोन अमेरिकन कंपन्या होत्या. जागतिक बँकेनं १९९३ साली या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. ही वीज महाग पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळानं करार केला. तेव्हा राज्यात आणि केंद्रातही काँग्रेसचं सरकार होतं.

करारात दोन गोष्टी होत्या, त्या आपल्या गटातल्या व्यवहाराच्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट भाड्याची. समजा गटानं एकाचा ट्रॅक्टर वीस वर्षांसाठी ठरवला. नांगरट केली तर डिझेलचे पैसे वेगळे. नांगरट केली नाही, ट्रॅक्टर दारात उभा राहिला, तरी महिन्याचं भाडं द्यायचंच. आणि ते भाडं रुपयात नाही, डॉलरच्या हिशोबानं. एन्रॉनच्या करारात असंच होतं. वीज घेवो न घेवो, मंडळानं केंद्राच्या क्षमतेचा आकार भरायचा. १९९३ साली एका डॉलरला साधारण एकतीस रुपये पडत होते. २००१ पर्यंत ते सेहेचाळीसच्या पुढं गेले. म्हणजे शंभर डॉलरचं देणं एकतीसशे रुपयांवरून सेहेचाळीसशेच्या वर गेलं, विजेचा एक युनिटही जास्त न वापरता.

दुसरी गोष्ट जामिनाची. गटातल्या एखादीनं कर्ज घेतलं, की दोघी जामीन राहतात. इथं वीज मंडळानं पैसे थकवले, तर राज्य सरकार जामीन. आणि राज्य सरकारनं थकवले, तर केंद्र सरकार जामीन. जामिनाला जामीन. याला सरकारी भाषेत प्रतिहमी म्हणतात. ही केंद्राची प्रतिहमी १९९४ साली नरसिंह राव सरकारनं दिली.

जामीन राहताना आपण काय बघतो? कर्ज कशासाठी घेतलं, ते फिटेल का, आणि नाही फिटलं तर आपल्या अंगावर किती येईल. इथं अंगावर येणार होतं ते सगळ्या महाराष्ट्राच्या.

आता राजकारण बघा. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना यांनी एन्रॉनला कडाडून विरोध केला. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची भाषा झाली. उजव्या राजकारणात तेव्हा स्वदेशीचा विचार जोरात होता. परदेशी कंपन्या नकोत, आपला पैसा बाहेर जायला नको, असं सांगणाऱ्या संघटना त्यात होत्या. म्हणजे उजवं राजकारण आणि नवउदार धोरण तेव्हा एकमेकांसमोर उभे होते. युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. समिती नेमली, तिनं करारावर कोरडे ओढले आणि ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारनं प्रकल्प रद्द केला. लोकांना वाटलं, बोलले ते करून दाखवलं.

पण वर्ष संपायच्या आत कंपनीशी पुन्हा बोलणी सुरू झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारनं सुधारलेल्या कराराला मान्यता दिली. दर थोडा कमी करून घेतला, पण प्रकल्प आधीपेक्षा मोठा झाला. आधी राज्याची बांधीलकी पहिल्या टप्प्यापुरती होती, आता दुसरा टप्पाही गळ्यात आला. करार नवा झाला, म्हणून केंद्राची प्रतिहमीही नव्यानं हवी होती. तिच्याशिवाय गाडी पुढं सरकत नव्हती.

आणि इथं राष्ट्रपती गोष्टीत येतात.

मे १९९६. लोकसभेचा निकाल लागला. कुणालाच बहुमत नाही. भारतीय जनता पक्षाला १६१ जागा, काँग्रेसला १४०. बहुमताला २७२ लागतात. राष्ट्रपती होते डॉ. शंकर दयाळ शर्मा, स्वतः जुने काँग्रेसचे. त्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाला पहिलं बोलावणं दिलं. अटलबिहारी वाजपेयी यांनी १६ मे रोजी शपथ घेतली. ३१ मे पर्यंत बहुमत सिद्ध करा, असं राष्ट्रपतींनी सांगितलं होतं. देशात भाजपचा पंतप्रधान होण्याची ती पहिली वेळ.

लोकसभेतली ती चर्चा टीव्हीवर थेट दाखवली. आमच्या आळीत एकाच घरात चांगला टीव्ही होता, तिथं आम्ही वीस-पंचवीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. सरकार टिकणार नाही हे बायाबापड्यांनाही कळत होतं. वाजपेयींचं भाषण मात्र सगळे मन लावून ऐकत होते. २८ मे रोजी मतदानाआधीच त्यांनी राजीनामा दिला. तेरा दिवसांचं सरकार गेलं.

आम्ही भाषण ऐकत होतो, तेव्हा दिल्लीत आणखी एक काम उरकलं जात होतं. जायच्या शेवटच्या घटकेला त्या मंत्रिमंडळानं एन्रॉनच्या सुधारलेल्या प्रकल्पाला केंद्राची प्रतिहमी मंजूर केली. बहुमत नसलेल्या, दोन आठवडेही न टिकलेल्या सरकारनं पुढच्या पिढीला जामीन ठेवलं. आणि ज्या पक्षानं वर्षभरापूर्वी या कंपनीविरुद्ध मतं मागितली होती, त्याच पक्षाच्या सरकारनं.

मैत्रिणींनो, मला आज सांगायचं आहे ते हेच. राष्ट्रपतींनी एन्रॉनची हमी दिली नाही. त्यांनी फक्त दार उघडलं, कोण आधी येणार ते ठरवलं आणि मुदत दिली. पण त्या उघड्या दारातून जे आत गेले, त्यांची भाषा उंबरठ्यावरच बदलली. स्वदेशीचा विचार मागं पडला, परदेशी भांडवलाचा पुढं आला. उजवं राजकारण आणि नवउदार धोरण आपल्याकडे असे एकत्र आले, खुर्चीजवळ येता येता. पुढं १९९८ आणि १९९९ मध्ये वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले. त्या काळात विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, सरकारी कंपन्या विकण्यासाठी केंद्रात १९९९ साली वेगळं निर्गुंतवणूक खातं निघालं. जे काम काँग्रेसनं सुरू केलं, ते भाजपनं पुढं नेलं.

मग डॉ. शर्मांचं चुकलं का? यावर आजही दोन मतं आहेत. काही म्हणतात, सर्वांत मोठ्या पक्षाला पहिली संधी देणं हा प्रघातच होता. १९८९ मध्येही वेंकटरामन यांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून आधी राजीव गांधींना विचारलं होतं. त्यांनी नको म्हटल्यावर मग व्ही. पी. सिंग यांना बोलावलं. काही म्हणतात, पाठिंबा जमत नाही हे दिसत असताना शपथ द्यायला नको होती. माझ्या मते डॉ. शर्मांनी ठरावीक मुदत घातली हे चांगलं केलं. पण एक गोष्ट राहून गेली. बहुमत सिद्ध होईपर्यंत लांब पल्ल्याचे आर्थिक निर्णय घेऊ नका, हे कुणी बजावलं नाही. पुढचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९८ मध्ये वेगळी पद्धत धरली. आधी पाठिंब्याची पत्रं आणा, मगच बोलावतो, असं त्यांनी वाजपेयींना सांगितलं. म्हणजे एकाच खुर्चीवर बसलेल्या दोन माणसांनी दार उघडायच्या दोन तऱ्हा दाखवल्या.

याच नारायणन यांनी २००० साली प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी देशाला उद्देशून भाषण केलं. उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरण या भरधाव रस्त्यावर गरिबांना पायी ओलांडायला सुरक्षित जागा ठेवा, अशा अर्थाचं ते बोलले. विश्रामबाग चौकातून सांगली-मिरज रस्ता ओलांडताना मला ते आठवतं. गाड्या थांबत नाहीत, आणि पलीकडे जायचं तर असतंच.

आता त्या निर्णयाची किंमत कुणी मोजली, ते ऐका.

पहिली किंमत गुहागरच्या बायकांनी मोजली. वेलदूर हे तिथलं मच्छीमारांचं गाव. केंद्रातून गरम पाणी समुद्रात सोडलं तर मासळी जाईल, ही त्यांची भीती. मेधा पाटकर आणि निवृत्त न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांच्यासारखी माणसं त्यांच्या बाजूनं उभी होती. ३ जून १९९७ च्या पहाटे, पुरुष समुद्रावर गेलेले असताना, पोलीस वेलदूरमध्ये घरांत शिरले. बायकांना ओढून बाहेर काढलं, मारहाण केली, पकडून नेलं. त्यात गरोदर बाईही होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संघटनांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. दिल्लीतल्या एका मंजुरीनंतर साधारण वर्षभरानं ही पहाट आली.

दुसरी किंमत सगळ्या महाराष्ट्रानं मोजली. मे १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली. तिथं आधी नाफ्था जाळत होते, ते महागलं. डॉलर महागला. एका वेळेस ही वीज युनिटमागं सात रुपयांच्या पुढं गेली. मंडळाला बिल भरणं जमेना. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीनं केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं. राज्य देत नाही, आता दिल्लीनं द्यावं. तेव्हा पंतप्रधान होते वाजपेयीच. पाच वर्षांपूर्वी दिलेला जामीन त्यांच्याच दारात आला. माधव गोडबोले समितीनं त्याच वर्षी या कराराची चिरफाड केली. मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं, केंद्र बंद पडलं. आणि २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं.

कंपनी बुडाली, पण उभं केलेलं केंद्र आणि त्यावरचं कर्ज राहिलं. ते निस्तरायला सरकारी कंपन्याच पुढं आल्या. एनटीपीसी आणि गेल यांनी २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली, आणि पुढच्या वर्षी तिथं पुन्हा वीज सुरू झाली. म्हणजे बघा, सरकारला धंदा जमत नाही म्हणून खासगीला बोलावलं, आणि खासगीचं फसल्यावर भरायला पुन्हा सरकार. मधल्या काळातलं भारनियमन तुम्ही विसरला नसाल. बारा-बारा तास लाइट नाही, रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात जायचं, विंचवाकाट्यातून. दाभोळ बंद पडणं हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण एवढं मोठं केंद्र उभं असून अंधारात बसायची वेळ आली होती, हे खरं.

२००३ साली नवा वीज कायदा आला, त्यावर राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची सही झाली. त्या कायद्यानुसार जून २००५ मध्ये आपलं जुनं वीज मंडळ मोडून वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण, घरोघर देणारी महावितरण. म्हणून तर आपल्या बिलावर आता महावितरणचं नाव असतं.

आता गिरणीवाल्या मावशींचा प्रश्न. बिल हातात घ्या. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, वीज शुल्क असतं. स्थिर आकार गिरणी बंद असली तरी लागतो, कारण तारा, रोहित्रं आणि वीज केंद्रं तयार ठेवण्याचा खर्च त्यातून काढतात. वीज कंपनीलाही केंद्रांना असाच आकार भरावा लागतो, वीज कमी घेतली तरी. तुमचा आजचा स्थिर आकार एन्रॉनमुळं आला, असं मी म्हणत नाही. पण वापरलं नाही तरी द्यायचं, हा नियम किती कडू होऊ शकतो, हे महाराष्ट्रानं दाभोळला चाखलं. वीस-पंचवीस वर्षांचे वीज खरेदी करार आजही होतात. ते कोण करतं, कधी करतं, जामीन कोण राहतं, हे विचारणं म्हणूनच आपलं काम आहे.

राष्ट्रपतींच्या बाकीच्या सह्याही आपल्या शेतापर्यंत येतात, त्याबद्दल थोडं सांगून संपवते.

वटहुकुमाचं बघा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के जमीनमालकांची संमती लागत होती. ३१ डिसेंबर २०१४ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी एका वटहुकुमावर सही केली. त्यानं औद्योगिक पट्ट्यांसारख्या पाच प्रकारच्या कामांसाठी संमतीची अट काढून टाकली. पुढच्याच महिन्यात त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की वटहुकूम हा अपवादात्मक परिस्थितीसाठी असतो. तरी तो वटहुकूम एकूण तीनदा निघाला. शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ऑगस्ट २०१५ च्या शेवटी सरकारनं तो सोडून दिला. २०२० मध्ये शेतीचे तीन वटहुकूम ५ जूनला निघाले, टाळेबंदीच्या काळात, संसद भरलेली नसताना. बाजार समितीबाहेरची खरेदी, कराराची शेती आणि साठ्यावरची बंधनं यांचे ते नियम. सप्टेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले, मोठं आंदोलन उभं राहिलं, आणि २०२१ च्या अखेरीस ते कायदे रद्द करणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनीच सही केली. आणायची सही त्यांची, काढायची सहीही त्यांची. मधलं काम लोकांनी केलं.

राष्ट्रपती राजवटीचं तर आपण तासगाव-पलूसकडे अनुभवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस, द्राक्षबागा झोपलेल्या. आणि १२ नोव्हेंबरला राज्यात राष्ट्रपती राजवट. मदत मागायची कुणाकडे? मंत्री नाहीत. त्या काळात राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरीप पिकाला हेक्टरी आठ हजार, फळबागेला हेक्टरी अठरा हजार, दोन हेक्टरपर्यंत. बागेच्या खर्चापुढं अठरा हजार किती, हे द्राक्षवाल्या वहिनींना मी सांगायला नको. आणि २३ नोव्हेंबरला लोक झोपेत असतानाच, पहाटे पावणेसहाच्या सुमारास राजवट उठली. सकाळी शपथविधीच टीव्हीवर दिसला.

तर मैत्रिणींनो, पक्षाचा झेंडा आणि धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेंडा निवडणुकीत दिसतो. धोरण घाईच्या वेळी, संसद नसताना, सरकार जाता-येताना, किंवा सगळे टीव्ही बघत असताना पुढं सरकतं. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत तीन प्रश्न लिहून ठेवा. दिल्लीतून किंवा मुंबईतून मोठा आर्थिक निर्णय आला की तो या प्रश्नांवर घासून बघा. निर्णय घेणाऱ्याकडे तेव्हा बहुमत होतं का? संसदेत किंवा विधानसभेत त्यावर चर्चा झाली का? आणि तो फसला तर जामीन कोण?

गटाच्या वहीत आपण दहा रुपयांचाही जमाखर्च लिहितो. जामीन राहणाऱ्या बाईला आधी विचारतो, मगच अंगठा किंवा सही घेतो. देशाच्या वहीतही आपण जामीन आहोत. तिथं मात्र आपल्याला कुणी विचारायला येत नाही, आपणच विचारायचं.

गिरणीवाल्या मावशींना मी पुढच्या बैठकीला त्यांचं बिल घेऊन यायला सांगितलं आहे. तुम्हीही आपापलं घेऊन या. ओळ न ओळ एकत्र वाचू.